स्पीच थेरपीच्या एमएस्सीत मराठीचाही अभ्यास हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या वर्षी माझ्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात महिन्याभरात हलू लागला, वाचा मात्र गेली. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की बहुधा असं होतं, त्याला वाचाघात म्हणतात, हे तेव्हा कळलं. त्यांना आमचं बोलणं समजायचं. पण तहान लागली तरी ‘पाणी’ हा शब्द काही केल्या सापडायचा नाही.

ठाण्यातल्या एका रुग्णालयात स्पीच थेरपी सुरू झाली. समोर छापील चित्रं: स्ट्रॉबेरी, टोस्टर, बर्फाचा माणूस. कळव्यात चाळीस वर्षं किराणा दुकान चालवलेला माणूस ती बघून मान फिरवायचा. मग एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी आली. तिने चित्रं बाजूला सारली आणि विचारलं, “काका, बे एके?”

“बे.”

“बे दुणे?”

“चार.” आणि थेट बे दाहे वीसपर्यंत! आई दाराशी उभी राहून रडत होती. पाठ झालेलं बोलणं वाचाघातातही बरेचदा शाबूत राहतं, असं त्या मुलीने समजावलं.

आता ते लहान वाक्यं बोलतात, पण ‘पोळी खाल्ला’ म्हणतात. खाणारा कोणीही असो, ‘खाल्ला’ की ‘खाल्ली’ हे मराठीत खाल्लेल्या वस्तूवर ठरतं. इंग्रजीवर बेतलेल्या सरावात हे येणार कुठून? तिने स्वतःच एक वही केली. तराजू, तांब्या, पोळपाट, गुळाची ढेप. प्रत्येक चित्राखाली एक वाक्य.

चार वर्षांची पदवी, त्यातलं एक वर्ष इंटर्नशिपचं, वर दोन वर्षांचं एमएस्सी आणि त्यात प्रबंध. इतकं शिकणाऱ्या मुलांना अशी वही हाताने का करावी लागावी? वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वाचा आणि श्रवणाच्या अडचणींवर काम करते आहे. तिने आणि राज्यातल्या इतर महाविद्यालयांनी मराठी शब्दसंच, चित्रं आणि वाक्यांचा सराव हे प्रबंधाचे विषय म्हणून आवर्जून द्यावेत, तयार झालेलं साहित्य सरकारी आणि पालिका रुग्णालयांना मोफत द्यावं. आमच्या ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात आगरी बोलणारी घरं आहेत, त्यांच्या बोलीलाही त्यात जागा हवी.

ती मुलगी शिक्षण संपवून गेली. वहीची झेरॉक्स आम्ही काढून ठेवली होती. तिच्या जागी आलेल्या विद्यार्थ्याला तीच दिली आहे.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे