निष्ठा फक्त ड्रायव्हरनेच दाखवायची का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या क्रीडा पानावर फॉर्म्युला वनच्या ड्रायव्हरांविषयी वाचकांची पत्रे येत आहेत. लुईस हॅमिल्टन मर्सिडीज सोडून फेरारीत गेला ही बेइमानी झाली, पैशापुढे या लोकांना संघ दिसत नाही, असा त्यातल्या बहुतेकांचा सूर आहे. हा सूर अन्यायाचा आहे, म्हणून हे पत्र.

ऑगस्ट २०२३ मध्ये हॅमिल्टनचा मर्सिडीजशी २०२५ अखेरपर्यंतचा करार जाहीर झाला. एका वर्षानंतर बाहेर पडण्याची मुभा त्या करारातच होती आणि दोन्ही बाजूंनी ती मान्य करूनच सह्या केल्या होत्या. तिचा वापर करून तो फेरारीत जाणार हे १ फेब्रुवारी २०२४ रोजी, हंगामाची पहिली शर्यत होण्याआधीच, जाहीर झाले. त्यानंतर अख्खे वर्ष तो मर्सिडीजचीच गाडी चालवत होता. सिल्व्हरस्टोनला त्याने शर्यत जिंकली. अबुधाबीच्या शेवटच्या शर्यतीत सोळाव्या क्रमांकावरून सुरुवात करून तो चौथा आला, तेही अखेरच्या फेरीत आपल्याच संघातल्या जॉर्ज रसेलला मागे टाकून. निघालेल्या माणसाने याहून वेगळे काय करायला हवे होते?

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या व्यापारात आहे. आमच्याकडे सौद्यात भाव ठरला की तो पाळायचाच, दुसऱ्या दिवशी बाजार पडला तरी. पण पुढच्या हंगामात शेतकऱ्याने आपला माल दुसऱ्या अडत्याकडे लावला, तर यार्डात कोणी त्याला बेइमान म्हणत नाही.

त्याच १ फेब्रुवारीच्या बातमीला दुसरी बाजूही होती. हॅमिल्टनसाठी फेरारीने कार्लोस साइन्झची जागा काढून घेतली. त्याचा करार वर्षअखेरीस संपणार होता, त्यामुळे फेरारीने नियम मोडला असे मी म्हणणार नाही. पण नारळ मिळालेला हा माणूस पुढे कसा वागला ते पाहा. मार्चमध्ये अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेमुळे त्याची एक शर्यत हुकली आणि पुढचीच, मेलबर्नची, त्याने जिंकली. ऑक्टोबरमध्ये मेक्सिकोही जिंकली. त्या वर्षी संघांचे विजेतेपद फेरारीच्या हातून अवघ्या १४ गुणांनी गेले. इतक्या जवळ पोचवण्यात, ज्याला नको म्हटले त्या साइन्झचा वाटा मोठा होता. तो विल्यम्समध्ये गेला तेव्हा फेरारीला निष्ठेबद्दल जाब विचारणारे पत्र माझ्या तरी वाचनात आले नाही.

सर्जिओ पेरेझचे तर याहून वाईट झाले. जून २०२४ मध्ये रेड बुलने त्याचा करार २०२६ पर्यंत वाढवला आणि डिसेंबरमध्ये त्याला मोकळे केले. त्याची कामगिरी घसरली होती हे खरे. पण त्याच्या जागी आणलेल्या लियाम लॉसनला २०२५ मध्ये रेड बुलकडून दोनच शर्यती मिळाल्या. दोन शर्यतींत कोणाची पारख होते?

आपल्या माणसांचेही असेच झाले आहे आणि ते आपण विसरलो याचे मला जास्त वाईट वाटते. २००५ मध्ये जॉर्डन संघातून फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला नारायण कार्तिकेयन हा पहिला भारतीय. २०१० मध्ये करुण चंढोक हिस्पानिया संघाकडून उतरला. ती गाडी सगळ्यात मागे धावायची, तरी तो नेटाने ती शर्यतीअखेर नेण्यासाठी झटायचा. हंगामाच्या मध्यावर त्याला बसवून साकोन यामामोतोला गाडी दिली गेली. पुढच्या वर्षी त्याच संघाने नारायणला हंगाम अर्ध्यावर असताना बाजूला केले आणि डॅनिएल रिकार्डोला घेतले. ग्रेटर नोएडाला पहिली भारतीय ग्रां प्री झाली तेव्हा नारायणला पुन्हा गाडी मिळाली, कारण तिथे भारतीय चेहरा हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि हाच रिकार्डो पुढे २०२२ मध्ये, करार एक वर्ष शिल्लक असताना, मॅक्लारेनला नकोसा झाला.

मॅक्लारेनने त्याच्या जागी घेतलेल्या ऑस्कर पियास्ट्रीवर बेइमानीचा शिक्का सगळ्यात जोरात मारला गेला. अल्पीन संघाने त्याला आपल्या तालमीत वाढवले होते. २०२१ मध्ये फॉर्म्युला टूचे, म्हणजे फॉर्म्युला वनच्या लगेच खालच्या स्पर्धेचे, विजेतेपद मिळवूनही २०२२ मध्ये त्याला तिथे राखीव ड्रायव्हर म्हणून बसावे लागले. १ ऑगस्ट २०२२ रोजी अल्पीनचा ड्रायव्हर फर्नांडो अलोन्सो अ‍ॅस्टन मार्टिन संघात जात असल्याचे जाहीर झाले आणि दुसऱ्याच दिवशी अल्पीनने परस्पर पियास्ट्रीचे नाव पुढच्या हंगामासाठी जाहीर केले. आपण अशी सही केलेलीच नाही, असे त्याने त्याच दिवशी सांगितले. अल्पीनच्या संघप्रमुखांनी जाहीरपणे त्याच्या प्रामाणिकपणावर बोट ठेवले. प्रकरण कॉन्ट्रॅक्ट रेकग्निशन बोर्डाकडे गेले. कोणत्या ड्रायव्हरवर कोणत्या संघाचा हक्क आहे, याचा निवाडा करणारे हे मंडळ. १९९१ मध्ये मायकेल शूमाकर जॉर्डनकडून एकच शर्यत खेळून बेनेटनला गेला आणि वाद झाला, त्यातून त्याची गरज पुढे आली. मंडळाने एकमताने निकाल दिला की पियास्ट्रीचा वैध करार मॅक्लारेनशीच आहे, ४ जुलैचा. अल्पीनने त्याला वेळेत कागदावर बांधलेच नव्हते. स्वतःची ढिलाई एकवीस वर्षांच्या मुलाच्या चारित्र्यावर ढकलणे मला तेव्हाही पटले नव्हते.

ड्रायव्हर नेहमी बरोबरच असतो असे नाही. २००४ मध्ये जेन्सन बटन बार संघाशी करार असताना विल्यम्सला निघाला होता. मंडळाने त्याला बारकडेच ठेवले आणि ते योग्य झाले. वर्षभराने विल्यम्सशी झालेला करारही त्याला नकोसा झाला आणि पैसे मोजून त्यातून सुटावे लागले. तिथे टीका रास्त आहे, कारण दिलेला शब्द मोडला जात होता. हॅमिल्टनने आणि पियास्ट्रीने कोणता शब्द मोडला, ते पत्रलेखकांनी दाखवून द्यावे.

आपणांस एक विनंती आहे. यापुढे एखाद्या ड्रायव्हरने संघ बदलल्याची बातमी द्याल तेव्हा करार किती वर्षांचा होता, तो संपला की मध्येच तोडला आणि तोडला तर कोणी, एवढे कळले असेल तर जरूर छापा. 'अमक्याने संघाची साथ सोडली' असा मथळा आपण देता. संघाने ड्रायव्हरला काढले की ती बातमी आतल्या पानावर चार ओळींत उरकते. दोन्ही बातम्यांना सारखी जागा मिळावी.

आपला,
एक वाचक,
वखारभाग, सांगली