अर्थ

कराड, रविवार

प्रिय बाळ्या,

गणपतीत तुझे दोन फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. राग मानू नकोस. तू पहिल्याच मिनिटाला विचारलं असतंस, "अर्थ कुठे दिलास?", म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसला परत जायची वाट कुठे जोडलीस, आणि तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

फियाटला हेडलाइटचे रिले, म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच, बसवल्याचं तुला कळवलं होतं. जुन्या वायरिंगमध्ये सगळा करंट स्विचमधून फिरून यायचा, बल्बपाशी जेमतेम ११ व्होल्ट. म्हणून बॅटरीवरून २० अँपिअरच्या फ्यूजमधून रिलेच्या ३० नंबरच्या पिनला नवी जाड वायर, ८७ वरून बल्ब, स्विचची जुनी वायर ८६ ला. पहिल्या रात्री असा उजेड पडला की अण्णा अंगणात येऊन उभे राहिले.

पुढच्याच आठवड्यात चिपळूणहून येताना कुंभार्ली घाटात, ऐन वळणावर, दोन्ही दिवे एकदम गेले. मिट्ट काळोख. अण्णा शेजारीच होते. एक शब्द न बोलता उतरले, मोबाइलचा टॉर्च लावला आणि डोंगराच्या बाजूने गाडीपुढे चालू लागले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, बाळ्या. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यामागून मी पहिल्या गिअरमध्ये. रुंद जागा येईपर्यंत ते एकदाही मागे वळले नाहीत. दहा मिनिटांनी दिवे आपोआप लागले, तेव्हा मला जास्त भीती वाटली.

मग तीन रविवार गाडीखाली. दोन्ही रिले बदलले, फ्यूज बदलला. अर्थ तर दर वेळी तपासत होतो, मीटर छान बीप द्यायचा. एकदा गॅरेजचा दिवा बंद असताना दिसलं, हेडलाइट चालू असला की बंद असलेल्या इंडिकेटरचं फिलामेंट अगदी बारीक तांबूस होतंय. म्हणजे परतीचा करंट अर्थ सोडून इंडिकेटरमधून वाट शोधत होता. तिथे डोक्यात प्रकाश पडला. इंजिन चालू, लाइट चालू, मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी बल्बच्या अर्थला. २.६ व्होल्ट! हवा होता शून्याजवळ. बीप द्यायला मीटर चिमूटभर करंट सोडतो, तो कुठूनही जातो. दोन बल्बचे नऊ अँपिअर जात नव्हते. वीसहून जास्त वॉट त्या एका बोल्टवर जळत होते.

बोल्ट खोलला. लगखाली, म्हणजे वायरच्या टोकाच्या कडीखाली, कंपनीचा रंग जसाच्या तसा, फक्त नखाएवढी एक कोर खरवडलेली. लग काळानिळा, स्लीव्ह वितळून चिकटलेली. आणि दोन्ही बल्ब, दोन्ही रिलेंच्या ८५ नंबरच्या अर्थच्या पिना, सगळे त्याच बोल्टवर. तो तापून सुटला की सगळंच जाणार.

तुझ्या काकांच्या ट्रॅक्टरवरून आपण महिनाभर बोललो नव्हतो, आठवतं? मी स्टार्टर उघडला होता, तू अर्थची पट्टी बघ म्हणत होतास. पट्टीच होती. आज लिहून देतो. तुझा बारा-तेराचा पाना मात्र परत मिळणार नाही.

आता पत्रा लखलखीत घासून स्टार वॉशर टाकलाय, शिवाय बॅटरीच्या मायनसपर्यंत वेगळी वायर ओढलीय. मीटर ०.०८ दाखवतो. आकडा बरोबर आहे. पण अण्णा परवा साताऱ्याला एसटीने गेले. म्हटलं, गाडीने सोडतो. म्हणाले, "असू दे, तुला कामं असतील." त्यांना गाडीची भीती बसलीय की माझी मान खाली जाऊ नये म्हणून ते जपतायत, काही कळत नाही. विचारायला तोंड उघडतो आणि गप्प बसतो. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. रात्री उठून दोनदा तो बोल्ट हात लावून बघून आलो, गाडी बंद असताना!

बाकी ठीक. आईचे गुडघे तसेच. तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार, पोरीच्या दहावीचे पेढे बाकी आहेत.

दिवाळीत ये. अण्णा माझ्या हातच्या कामाबद्दल मला विचारणार नाहीत, तुला विचारतील. त्यांच्यासमोर तू स्वतः मोजून दाखव. येताना वायरीला चिमटा लावून बॅटरीचा डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर आण.

तुझा,
विज्या