प्रतिबिंबाचे फोटो खरे छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वाचकांनी पाठवलेले निसर्गाचे फोटो तुम्ही छापता, ते मी आवर्जून बघतो. पण हल्ली पाण्यातल्या प्रतिबिंबाचे जे फोटो यायलेत त्यातले बरेच खरे नसतात, वरचा अर्धा भाग ॲपमध्ये उलटा करून खाली चिकटवलेला असतो आणि खाली नाव नाथसागराचं, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचं. हे थांबवा ही मनापासून विनंती.

ओळखायला अवघड नाही. खरं प्रतिबिंब वरच्या चित्राची हुबेहूब कॉपी नसतंच. काठावरच्या बाभळीमागं डोंगर असला तर पाण्यात त्याचा कमी भाग दिसतो, पूल असला तर त्याची खालची बाजू दिसते, कारण पाण्यात आपल्याला ते खालून वर बघितल्यासारखं दिसतं. शिवाय पाणी सगळा उजेड परत पाठवत नाही, सरळ खाली बघितलं तर जेमतेम २ टक्के, नजर जेवढी आडवी तेवढा जास्त, म्हणून प्रतिबिंब जरा काळपटच येतं आणि पायाजवळ पाणी नितळ असलं तर तळाचे दगड दिसतात. दोन्ही अर्धे सारखेच उजळ असले की समजायचं.

खरा फोटो काढायला महागडा कॅमेरा लागत नाही हो. उजाडताना जायचं, तेव्हा वारा बहुतेक पडलेला असतो, ऊन चढलं की धरणाच्या फुगवट्यावर लाटा उठतात नि मग काही मिळत नाही. मोबाईल उलटा धरून लेन्स पाण्याजवळ न्यायची, फोकस पाण्यावर नाही तर झाडावर करायचा. पोलरायझर (लेन्सवर लावायची चमक कमी करणारी काच) असेल तर काढून ठेवा, तो प्रतिबिंबच खातो.

एवढं लिहायचं कारण, आपल्याकडं पाण्याचा फोटो नुसता सुंदर असून भागत नाही. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते फोटो खरे होते म्हणून आज पुरावा आहेत, मग भरलेल्या पाण्याचे पण तसेच पाहिजेत ना? जायकवाडी कधी काठोकाठ, कधी मृतसाठ्यात. पाणी कुठल्या दगडापर्यंत होतं, रोहित पक्षी कुठं उतरले होते, हे तारखेसकट राहिलं तर पुढच्या पोरांना कळेल. उलटवलेल्या फोटोत पाणी नसतंच, आकाशच दोनदा असतं.

तेव्हा फोटो मागवताना मूळ फाइल, गाव, तारीख, वेळ मागा आणि फोटोखाली छापा. नुसता नाथसागर नको, नळदुर्गच्या पाणीमहालावरून पडणारी बोरी नदी, सौताड्याचा धबधबा, वालूरची बारव पण येऊ द्या. बारवेत पाणी खोल असतं, वारा कमी पोचतो, त्यामुळं दुपारीसुद्धा पायऱ्या पाण्यात अखंड दिसतात. फक्त बऱ्याच बारवांना कठडा नसतो, लहान पोरांना एकटं पाठवू नका हे पण त्यासोबत छापा.

आपला नियमित वाचक,
पैठण