फाईल डिलीट होत नाहीये? आधी बघा तिला कोणी धरून ठेवलंय

संपादक साहेब, स.न.वि.वि.

तुमच्या कॉम्प्युटरच्या सदरात मागे एका वाचकाने विचारलं होतं की एक फाईल काही केल्या डिलीट होत नाही, काय करू. उत्तर काय दिलं होतं तर नेटवरून जबरदस्तीने डिलीट करणारं एखादं फुकट सॉफ्टवेअर उतरवा आणि उडवून टाका. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण हेच मी एकदा करून बसलोय.

माझा एक मोठा व्हिडिओ होता, डिलीट दाबलं की मेसेज यायचा, फाईल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी आहे. अरे पण कुठल्या? सगळं तर बंद केलेलं. मग मी तसलंच एक सॉफ्टवेअर टाकलं, त्याच्याबरोबर ब्राउझरमध्ये एक टूलबार आला, होमपेज बदललं, सर्च इंजिन बदललं आणि व्हिडिओ मात्र होता तिथेच. तो टूलबार काढण्यात अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी कळलं की फाईल धरून बसलेला चोर म्हणजे विंडोजचा स्वतःचा एक्सप्लोररच, म्हणजे फोल्डर आणि फाईली दाखवणारी खिडकी! उजव्या बाजूला प्रिव्ह्यू पेन चालू होता, तो व्हिडिओचं चित्र दाखवायला फाईल उघडायचा आणि मग सोडायचाच नाही. ऑल्ट आणि पी दाबून पेन बंद केला, फोल्डरमधून बाहेर येऊन परत गेलो, फाईल गेली.

म्हणजे बहुतेक वेळा फाईल हट्टी वगैरे नसते हो, तिला कोणीतरी धरलेलं असतं. विंडोजमध्ये प्रोग्राम फाईल उघडतो तेव्हाच सांगून ठेवतो की माझं काम होईपर्यंत दुसऱ्याने ही डिलीट केलेली चालेल का नाही, आणि त्याने चालेल असं सांगितलेलं नसेल तर विंडोज तुम्हाला सरळ नाही म्हणतं. लिनक्स या विंडोजऐवजी वापरतात त्या सिस्टीममध्ये उलटं आहे, तिथे उघडी फाईलसुद्धा डिलीट होते, नाव लगेच गायब होतं पण डिस्कवरची जागा शेवटचा प्रोग्राम तिला सोडेल तेव्हाच मोकळी होते. त्यामुळे तिकडचे लोक आपल्याला हसतात, हसू देत.

तर आधी विचारायचं की धरलंय कोणी, आणि ते सांगणारी सोय विंडोजमध्येच आहे, काही उतरवायला नको. स्टार्टमध्ये रिसोर्स मॉनिटर शोधा, सीपीयूच्या टॅबवर जा, तिथे असोसिएटेड हँडल्स, म्हणजे कुठल्या प्रोग्रामने काय धरलंय ते दाखवणारा भाग आहे, त्याच्या सर्चमध्ये फाईलचं नाव टाका, की ज्या प्रोग्रामने धरलंय त्याचं नाव समोर येतं. तो प्रोग्राम नीट बंद करा. लगेच एंड प्रोसेस दाबू नका, त्यात तुमचंच सेव्ह न केलेलं काम असू शकतं, आणि नाव सिस्टीम असं दिसलं तर अजिबात हात लावू नका. जास्त खोलात जायचं असेल तर सिसइंटर्नल्स या साईटचं प्रोसेस एक्सप्लोरर नावाचं सॉफ्टवेअर आहे, मार्क रुसिनोविच यांनी लिहिलेलं, २००६ साली मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनीच विकत घेतली, त्यामुळे ते थेट मायक्रोसॉफ्टच्या साईटवरून फुकट मिळतं आणि टूलबारही येत नाही.

काहीच सापडलं नाही तर रीस्टार्ट करा. रीस्टार्ट म्हणतोय, शटडाऊन नाही. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊनमध्ये विंडोजचा आतला भाग आणि ड्रायव्हर (प्रिंटर, माऊस वगैरे चालवणारे छोटे प्रोग्राम) झोपवून ठेवतात आणि परत तसेच उठवतात, पूर्ण नव्याने सुरुवात रीस्टार्टलाच होते. हे मला कित्येक वर्षं माहीत नव्हतं, मी आपला बंद चालू बंद चालू करत बसायचो.

आता खरी गंमत नावांची. लिनक्सवाल्या मित्राच्या पेन ड्राईव्हमध्ये मला एकदा 'ऑक्स' नावाची फाईल मिळाली, एयूएक्स, तिला कोणी धरलेलं नव्हतं तरी ती जाईना. कारण डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टीमच्या काळापासून कॉन, पीआरएन, ऑक्स, नल, कॉम १, एलपीटी १ ही नावं कन्सोल (कीबोर्ड आणि स्क्रीन), प्रिंटर, पोर्ट (केबल जोडायच्या जागा) वगैरेंसाठी राखून ठेवलेली आहेत, त्यामुळे विंडोजला वाटतं तुम्ही फाईल नाही, पोर्टबद्दलच बोलताय. उपाय साधा निघाला, कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे हुकूम टाईप करायच्या काळ्या खिडकीत, डेल (del) लिहून पूर्ण पाथच्या, म्हणजे ड्राईव्ह आणि फोल्डरसकट फाईलच्या पत्त्याच्या आधी दोन बॅकस्लॅश, प्रश्नचिन्ह आणि परत एक बॅकस्लॅश टाकायचा, म्हणजे विंडोज नावाची तपासणी न करता जसं आहे तसं घेतं. नावाच्या शेवटी स्पेस किंवा टिंब असेल, किंवा पाथ २६० अक्षरांच्या वर गेला असेल तरी हीच युक्ती चालते. फक्त टाईप करताना तिथे स्टार टाकू नका, स्टार म्हणजे सगळ्याच फाईली, आणि कमांड प्रॉम्प्टमधून गेलेली फाईल रिसायकल बिनमध्ये जात नाही.

आणि एक राहिलंच, परवानगीचं. ट्रस्टेडइन्स्टॉलरची (विंडोजच्या फाईलींचा मालक म्हणून ठेवलेलं आतलं खातं) परवानगी लागेल असा मेसेज आला तर ती विंडोजची स्वतःची फाईल असते, व्हिस्टापासून अशी राखण आहे. टेकओन आणि आयकॅक्ल्स या कमांडने मालकी आणि परवानगी घेता येते, येते म्हणून घ्यायची का? मी तरी घेत नाही.

पुढच्या सदरात त्या सॉफ्टवेअरच्या सल्ल्याऐवजी रिसोर्स मॉनिटरच्या त्या खिडकीचा फोटो छापाल का? मोठा छापा, असोसिएटेड हँडल्सची ओळ खाली दडलेली असते, पटकन दिसत नाही.

आपला,
एक जुना वाचक