गाव हलवलं त्याची गोष्ट

कूमा, न्यू साउथ वेल्स, ऑस्ट्रेलिया

प्रिय विलास,

सप्रेम नमस्कार.

मागे फोनवर तू विचारलंस, "रविवारी त्या म्हाताऱ्यांकडे जाऊन करतोस तरी काय?" तेव्हा मला धड सांगता आलं नाही. धरणात बुडालेल्या इथल्या एका गावाच्या आठवणी आम्ही म्हाताऱ्या माणसांकडून रेकॉर्ड करून ठेवतो, पण ते दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाहीच. म्हणून आज निवांत लिहायला बसलोय. पत्र लांबेल, आणि त्यात तुझ्याकडे एक मागणंही आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाच.

कूमापासून पन्नासेक किलोमीटरवर अ‍ॅडामिनबी नावाचं गाव आहे. समुद्रसपाटीपासून हजारभर मीटर उंच, थंडीत बर्फ, आणि वस्ती इतकी थोडी की आपण त्याला वाडीच म्हणू. रस्त्यालगत ट्राउट माशाचा दहा मीटर उंच पुतळा आहे. येणारे-जाणारे त्याच्यापाशी फोटो काढतात आणि डोंगरावर बर्फात खेळायला निघून जातात. हे गाव मुळात या जागेवरचं नाहीच, हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. १९५६-५७ साली जुन्या जागेवरून उचलून ते सुमारे दहा किलोमीटर अलीकडे आणून वसवलं. कारण धरण. उजनी धरणात जुनं गाव गेलेल्या पळसदेवच्या माणसाला यापुढे काय समजावून सांगायचं!

स्नोई माउंटन्स योजनेचं नाव तू ऐकलं असशील. पूर्वेला समुद्राकडे जाणारं डोंगरातलं पाणी बोगद्यांतून पश्चिमेच्या शेतीकडे वळवायचं आणि वाटेत त्यावर वीज करायची, अशी ही योजना. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी तिचा उद्घाटन सोहळा झाला तो अ‍ॅडामिनबीतच. पुढे पाण्याखाली गेलं तेही हेच गाव. काम १९७४ पर्यंत चाललं. तीसहून जास्त देशांतली लाखावर माणसं या कामावर येऊन गेली, त्यातली बरीचशी महायुद्धात सगळं गमावून आलेली. १२१ जण कामावर असताना गेले. युकंबीन हे त्यातलं सगळ्यात मोठं धरण, १९५८ साली पुरं झालं. आपल्या हिशेबात सांगायचं तर उजनीची साठवण सुमारे ११७ टीएमसी, आणि याची १७० च्या आसपास.

गाव हलवलं म्हणजे अक्षरशः हलवलं. शंभरावर इमारती. लाकडी घरं पायापासून सोडवून अख्खीच्या अख्खी ट्रकवर चढवली. दगडी चर्चचा एकेक दगड सुटा करून नव्या जागी पुन्हा रचला. काहींनी भरपाई घेतली आणि दुसरीकडचा रस्ता धरला. एवढं सगळं कागदावर आहे. योजनेचं एक संग्रहालयही अ‍ॅडामिनबीत आहे, २०११ पासून, आणि यंत्रं, बोगदे, इंजिनियर यांची माहिती तिथे उत्तम मिळते.

मग आम्ही काय गोळा करतो? तर जे कागदावर नाही ते. इथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने 'ट्रोव्ह' नावाचा एक खजिना इंटरनेटवर फुकट खुला ठेवलाय. देशभरची जुनी वर्तमानपत्रं त्यात पानन्‌पान वाचता येतात. मशीनने छपाई चुकीची वाचली असेल तिथे कुणीही ओळ दुरुस्त करू शकतो, आणि हजारो माणसं हौसेने ते करत असतात. मीही रात्री जेवणं झाली की थोडा वेळ बसतो. पण कॉपीराइटमुळे त्यातली बरीचशी वर्तमानपत्रं १९५४ शी येऊन थांबतात. 'कॅनबेरा टाइम्स'सारखे अपवाद आहेत, पण राजधानीचं वर्तमानपत्र खेड्यातल्या स्वयंपाकघरात कशाला डोकावेल? म्हणजे गावाच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी घटना घडली नेमकी त्याच्या दोन-तीन वर्षांनंतर. तिथून पुढचं माणसांच्या डोक्यात आहे. तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलं आज पंच्याहत्तरी ओलांडून गेलीत.

एका आजींकडे गेलो होतो. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. "गाव हलवलं तेव्हा कसं वाटलं?" असं विचारलं, तर माहितीफलकावर असतं तसंच उत्तर आलं: सगळ्यांनी मिळून केलं, देशासाठी केलं, वगैरे. मग मी विचारलं, घर नव्या जागी आल्यावर आईने पहिल्यांदा स्वयंपाक केला तेव्हा काय झालं? आजी जरा थांबल्या. म्हणाल्या, घर तेच होतं, चूल तीच होती, पण घराचं तोंड फिरलं होतं. जुन्या जागी सकाळचं ऊन सिंकवर यायचं आणि आई तिथे उभी राहून बटाटे सोलायची. नव्या जागी सकाळी स्वयंपाकघरात अंधार. आई बटाट्यांचं पातेलं घेऊन सकाळच्या वेळी घरभर फिरायची, ऊन कुठे येतं ते बघत. शेवटी पुढच्या पायरीवर बसून सोलायला लागली, आणि पुढे मरेपर्यंत तिथेच बसायची. हे सांगताना आजींनी उजव्या हाताचा अंगठा हवेत असा फिरवला की सुरी मला दिसलीच.

विलास, भरपाईच्या कुठल्या तक्त्यात हे ऊन धरलं असेल? घर जसंच्या तसं दिलं, म्हणजे नोंद पुरी झाली. त्या दिवसापासून मी 'कसं वाटलं' हा प्रश्नच सोडून दिला. पाणी कुठून आणायचात, दुकानात उधारी कोण देई, शाळेच्या वाटेवर कुत्रं कुणाचं होतं, असलंच विचारतो. माणूस एकदा त्या वाटेवर चालायला लागला की बाकीचं आपसूक येतं.

दुसरी गोष्ट नकाशाची. मोठा कोरा कागद टेबलावर पसरायचा आणि जुन्या गावाची मुख्य सडक काढायला सांगायची. दोघं-तिघं एकत्र असले की बहार येते. एक म्हणतो बेकरी आधी, दुसरी म्हणते छे, आधी खाटकाचं दुकान. मी कुणाचंच खोडत नाही, दोन्ही लिहून ठेवतो आणि कोण म्हणालं तेही लिहितो. ज्याची आई बेकरीत उधारीवर पाव घ्यायची, त्याला बेकरीच आधी दिसणार. आणि हो, नवऱ्याने बायकोच्या वतीने उत्तरं द्यायची खोड इथेही आहे. म्हणून शक्य असेल तिथे दोघांशी वेगवेगळं बोलतो.

एक गोष्ट मात्र जड जाते. हे खोरं बुडालं ते एकदाच, पण लोकांच्या हातून सुटलं ते आधीच. ही जमीन ङारिगो आणि त्यांच्या शेजारच्या मूळनिवासी लोकांची. उन्हाळ्यात बोगॉन्ग पतंग या डोंगरांच्या कपारींत थव्याने येतात, आणि ते भाजून खायला दूरदूरच्या जमाती इथे जमत, हजारो वर्षं. गोऱ्या वसाहतीचा इतिहास जेमतेम दोनशे वर्षांचा, पण गावातल्या बऱ्याच आठवणी तिथूनच सुरू होतात, जणू त्याआधी डोंगर रिकामे होते. ते बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं. पण ते सांगायचं त्यांनी, त्यांच्या अटींवर. काही गोष्टी बाहेरच्यांना सांगायच्या नसतात, गेलेल्या माणसाचं नाव किंवा आवाज ऐकवण्यापूर्वी घरच्यांना विचारावं लागतं. इथे टेप घेऊन धावत सुटणं म्हणजे पुन्हा एकदा काहीतरी उचलून नेणंच झालं. त्यामुळे त्या बाजूचं काम फार सावकाश चाललंय, आणि तसंच चालावं.

२००७ च्या दुष्काळात युकंबीनचं पाणी खूप खाली गेलं आणि जुन्या गावाचे पाये, झाडांचे बुंधे, गंजलेली अवजारं उघडी पडली. लोक बघायला लोटले, आठवण म्हणून वस्तू उचलून न्यायला लागले. शेवटी २००८ साली सरकारने ती जागा वारसा म्हणून संरक्षित केली. त्या वर्षी म्हणे कितीतरी घरची म्हातारी माणसं चिखलातून चालत गेली आणि नातवंडांना बोटाने दाखवत राहिली, हे आपलं अंगण. तेव्हा कुणी त्यांच्याजवळ रेकॉर्डर धरला असता तर!

आता मागणं. उजनीचं पाणी उतरलं की तुमच्या पळसदेवच्या जुन्या देवळाचे फोटो दरवेळी सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतात. शिखर दिसतं, होड्या दिसतात, वर्तमानपत्रं बातमी करतात. पण देवळाच्या मागच्या आळीत कोण राहायचं? काकूंना ते माहीत आहे. लग्न होऊन त्या त्याच जुन्या गावात आल्या होत्या. धरण १९८० साली पुरं झालं, म्हणजे तिथला संसार आठवणारी माणसं आता साठी-सत्तरीच्या पुढेच असणार. भीमेवर धुणं कुठल्या घाटावर व्हायचं, सामान बैलगाडीतून आलं की ट्रकमधून, नव्या जागी पहिली चूल कुणी मांडली, देव कधी हलवले, हे त्यांना विचार.

साधा मोबाइल पुरे. फ्रिजपासून लांब बसा, त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये फार येते. पंखा बंद कर. सुरुवातीला तारीख आणि काकूंचं नाव बोल, आणि हे पुढे कुणाला ऐकवलेलं चालेल का, तेही त्यांच्याच तोंडून घे. तासाभराच्या वर बसवू नकोस. फाइलच्या तीन प्रती कर, त्यातली एक मला पाठव. जुने फोटो निघाले तर मागे मऊ पेन्सिलीने नावं लिही, बॉलपेन नको, त्याची शाई पुढच्या बाजूला उमटते. आणि काकू गप्प बसल्या तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नकोस, थोडं थांब.

दिवाळीला तुझ्याकडे सगळी भावंडं जमतात, तेव्हा नकाशाचा कागद पसर. मोठ्या आत्यांनाही बोलव, त्यांचं आणि काकूंचं कुठल्याच गोष्टीवर एकमत होत नाही, ते फार कामाचं आहे.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. रेकॉर्डिंगची वाट पाहतो.

तुझा,
संजय