दोघांनी हात धरल्याशिवाय

नागभीड तालुका, जि. चंद्रपूर
२० एप्रिल

प्रिय मित्रा,

तू दिवाळीत पाठवलेला मेकी मेकी बोर्ड, वस्तूला हात लावला की कॉम्प्युटरमधून आवाज काढता येतो तो, दोन महिने कपाटात तसाच पडून होता. पत्राला उशीर झाला तो त्यामुळेच. काही घडल्याशिवाय तुला काय कळवायचं? आता घडलं आहे, आणि ते फोनवर सांगून होणारं नाही.

जानेवारीत आठवीच्या पोरांना म्हटलं, आवडत्या जागेचं चित्र काढा. निम्म्याहून जास्त कागदांवर ताडोब्याचा वाघ आला, नाहीतर आठवडी बाजार. तोच बाजार गड्या, जो आपण दोघांनी इंटरमिजिएटच्या स्मरणचित्रात काढला होता: पुढे भाजीवाली, मागे झाड, कोपऱ्यात बंडी. पोरांचा त्यात दोष नाही. ‘आवडती जागा’ म्हटलं की पोरगं मास्तरांना काय आवडेल ते काढतं.

मग कागद बाजूला ठेवले आणि विचारलं, "शाळेतून घरी जाताना तुझा पाय कुठं थांबतो?" वर्ग गप्प झाला. मग एक पोरगा म्हणाला, "आखरावर, सर, गुरं जमायची तिथं. पन आता तिथं काई नाही."

दुसऱ्या दिवशीपासून आम्ही चालायला लागलो. रोज शेवटचे दोन तास, रोज तीन-चार जागा, आणि वाट दाखवणार ज्याची जागा तो. तिथं पोहोचलं की पाच मिनिटं डोळे मिटून उभं राहायचं, मग माझ्या मोबाइलवर आवाज घ्यायचा, आणि निघताना त्या जागेचं काहीतरी सोबत आणायचं. माती, तणस, मोहाची साल, गंजलेला खिळा, फाटका बोरा, म्हणजे पोतं. बोडीच्या पाळीवर, म्हणजे लहान तळ्याच्या बांधावर, बसलो तेव्हा मी त्यांना मालगुजारी तलावांची गोष्ट सांगितली. कोहळी लोकांनी उतार वाचून पाळी कशा घातल्या, आणि १९५१ साली मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेल्यावर तलाव सरकारकडे कसे आले, ते सगळं. पोरं ऐकत होती, पण एक पोरगी पाळीच्या एकाच दगडाला हात लावून बसली होती. तिची आजी त्या दगडावर लुगडं धुवायची. तिथं मी बोलणं थांबवलं.

छोटी लाइन तुला आठवते ना, नागपूरहून नागभीडला येणारी नॅरोगेज गाडी? २०१९ मध्ये ती बंद झाली, मोठ्या लाइनीच्या कामासाठी. एका पोराची जागा म्हणजे तिचा थांबा. गाडीत तो एकदाच बसला होता, बापाच्या मांडीवर. शिट्टीचा आवाज कुठून आणायचा म्हणून तो आजोबांकडे गेला, आणि आजोबांनी तोंडानं काढून दिला. दुसऱ्या एकाची जागा मोहाचं झाड. पहाटे मोह वेचायला आता तिथं कोणी एकटं जात नाही. त्यानं चित्रात वाघ काढलाच नाही. झाडाखाली वाळकी फुलं चिकटवली, आणि फुलांना हात लावला की माणसांची आरडाओरड ऐकू येते, जनावर असेल तर दूर जावं म्हणून करतात ती. ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला.

आता तुझ्या बोर्डाचं. तू म्हणाला होतास तसं आधी टॉर्चचा सेल आणि बल्ब घेऊन सर्किट समजावलं. मग बोर्ड यूएसबीनं शाळेच्या जुन्या लॅपटॉपला लावला. लॅपटॉपला वाटतं की हा कीबोर्ड आहे. एका हातानं बोर्डाची अर्थची (earth) तार धरायची, दुसऱ्या हातानं चित्राला स्पर्श करायचा, अंगातून अगदी बारीक करंट जातो आणि कळ दाबली गेली असं होतं. त्या कळीला स्क्रॅच या मुलांच्या प्रोग्रॅमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज जोडलेला. स्क्रॅच इंटरनेटशिवाय चालतं म्हणून निभावलं, नाहीतर आमच्या नेटवर काही झालं नसतं.

अडचणी खूप आल्या. ओल्या मातीचं चित्र छान वाजलं आणि दुसऱ्या दिवशी मुकं झालं, कारण माती वाळली होती. मग मोटर रिवायंडिंगच्या दुकानातून जळालेल्या पंपाची तांब्याची तार आणली, पॉलिश पेपरनं तिच्यावरचं वार्निश खरवडलं आणि ती मातीत पेरली. ६बी पेन्सिलची जाड रेघही चालते, पण लांब गेली की दगा देते. मार्चच्या कोरड्या उन्हात हातही इतके वाळलेले असतात की स्पर्श लागेना. पोरांनीच दाराशी पाण्याचा गुंड, म्हणजे हंडा, ठेवला. शाळेतल्या प्रदर्शनाला आलेला माणूस आधी हात ओले करायचा, मग चित्राजवळ जायचा. गावदेवी मातामायच्या ठाण्यावर जातात तसा.

एक गोष्ट मात्र मी लावून धरली. त्या आखरवाल्या पोरानं आधी गाय काढली होती, हात लावला की हंबरणारी. मी म्हटलं, गाय दिसतेच आहे, हंबरणं सगळ्यांना ठाऊक आहे. हात लावणाऱ्याला तुझ्या जागेत काय करावं लागतं ते सांग. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी गाय खोडून आला. बोऱ्यावर शेणामातीची मोकळी जागा, आणि तिच्यातून लोंबणारं एक दावं, आत तार पिळलेली. दावं धरून ठेवाल तोवर गळ्यातली घंटी वाजते, सोडलं की बंद. त्याच्या घरच्यांनी गुरं दोन वर्षांपूर्वी विकली.

आणि आणखी एक पोरगी. तिची जागा म्हणजे गावाबाहेरचा फाटा. फेब्रुवारीत तिथूनच टेम्पो भरून माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. तिचे मायबापही गेले होते. तिनं डांबर म्हणून कोळशाची पूड लावली, कडेला वाळक्या मिरचीचे देठ ओळीनं चिकटवले, बाकी सगळं कोरं. तिनं अर्थची तार चित्रापासून इतकी लांब बांधली की एका माणसाचे दोन्ही हात पोचतच नाहीत. मी म्हटलं, जवळ घे. ती म्हणाली, "नाही सर. दोघांनी हात धरल्याशिवाय वाजायलाच नको." बोर्डाची ही करामत मी शिकवली नव्हती. मधल्या सुट्टीत मैत्रिणींची साखळी करून तिनं ती स्वतः शोधली होती.

आवाज तिचाच आहे. "माय, चपला बोऱ्यात खाली हायेत. लोणचं वरच्या पिशवीत. बाबाले उन्हात बिना दुपट्ट्याचं जाऊ देऊ नको." एवढंच.

मायबाप मागच्या आठवड्यात परत आले. प्रदर्शन कधीच संपलं होतं, पण ते चित्र मी उतरवलं नव्हतं. दुपारी माय शाळेत आली. पोरीनं तिचे हात ओले केले, एक हात तारेवर ठेवला, दुसरा आपल्या हातात घेतला आणि चित्राला बोट लावलं. माय पुन्हा लाव म्हणाली. दुसऱ्यांदा ऐकून मला म्हणाली, "हे हिनं टेम्पो निघताना म्हटलं होतं, गुरुजी. इंजिनच्या आवाजात मले आयकूच आलं नव्हतं."

बोर्डाच्या दोन क्लिपा तुटल्या आहेत, तशा मिळाल्या तर पाठव, आणि तांब्याची चिकटपट्टी इथं मिळत नाही. जमलं तर धानाच्या रोवण्याच्या दिवसांत ये. सातवीची पोरं आतापासूनच आपापल्या जागा सांगायला लागली आहेत, आणि त्यातल्या दोन जागांवर जायला बांधीतून गुडघाभर चिखल तुडवावा लागेल. वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच