लाखेच्या तबकड्यांचे दान स्वीकारण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुना वाडा पाडायला निघतो आणि मग संग्राहकाने आयुष्यभर जमवलेल्या ७८ गतीच्या (मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या) ध्वनिमुद्रिकांचे करायचे काय, हा प्रश्न घरच्यांपुढे पडतो. काही कुटुंबे त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला देतात, ग्रंथालयेही आनंदाने घेतात. पण पुष्कळदा नुकसान होते ते याच प्रवासात, कारण सारे सामान पुस्तकांसारखे हलवले जाते.

ही तबकडी लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांच्या मिश्रणाची असते. ती कडक असते आणि तितकीच ठिसूळही. दहा इंची तबकडीचे वजन साधारण २०० ग्रॅम धरा, म्हणजे १०,००० तबकड्यांचे दोन टन झाले. मांडणीच्या एका मीटरवर पाकिटांसह तीनेकशे मावतात, म्हणजे ६० किलो. पुस्तकांसाठीची हलकी पत्र्याची मांडणी एवढ्या भाराने वाकते आणि वाकलेल्या फळीवर तबकड्या कलंडतात. म्हणून खोली ठरवतानाच जमिनीची व मांडणीची भारक्षमता अभियंत्याकडून तपासून घ्यावी. तळमजला भाराला सोयीचा, मात्र सर्वांत खालची फळी जमिनीपासून निदान १५ सेंटिमीटर वर हवी. आपल्याकडचा पावसाळा विसरून चालत नाही.

पहिली तबकडी हलवण्याआधी प्रत्येक फळीचे छायाचित्र काढावे व फळ्यांना क्रमांक द्यावेत. संग्राहकाने गायकानुसार लावले होते की रागानुसार, की विकत घेतले त्या क्रमाने, हे पुढे दुसरीकडे कुठेही कळणार नाही. त्याची वही असेल तर ती आधी ताब्यात घ्यावी.

खोक्यात तबकड्या उभ्याच भराव्यात. आडव्या थप्पीत शंभर रचल्या तर तळच्या तबकडीवर वीस किलो येतात आणि मध्ये वाळूचा एक कण असला तरी ती तडकते. दहा इंची व बारा इंची एकत्र ठेवू नयेत, लहानीच्या कडेचा दाब मोठीवर येऊन ती फुटते. एका खोक्यात दहा इंची २५ ते ३० पुरेत. खाली नालीदार पुठ्ठा घालावा, रिकाम्या जागेत कागदाचे बोळे दाबावेत. हलू नयेत इतपत घट्ट, पण ओढून काढाव्या लागतील इतक्या नाहीत. टेम्पो पहाटे निघावा. मेच्या उन्हात उभ्या गाडीत लाख मऊ पडते आणि तबकडीला पीळ बसतो.

आल्यावर बुरशी लागलेला माल वेगळ्या खोलीत ठेवावा. तिथे काम करणाऱ्यांना मुखपट्टी हवीच. पुसायला स्पिरिट कधीही वापरू नये, अल्कोहोलमध्ये लाख विरघळते! ऊर्ध्वपातित पाणी, त्यात अगदी थोडे सौम्य साबणद्रव, मऊ ब्रश, आणि मधले लेबल कोरडे. भिजत घालायचे नाही, लगेच टिपून वाळवायचे. वातानुकूलन दिवसा चालू व रात्री बंद ठेवण्यापेक्षा आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर स्थिर राहणे महत्त्वाचे. जुनी खाकी पाकिटे आम्लयुक्त असतात, ती बदलावीत, पण टाकू नयेत. त्यांवर विक्रेत्या दुकानाचा शिक्का असतो, आणि कोणते गाणे कोणत्या गावात विकले जात होते याचा तोच पुरावा.

उद्घाटनाला हौसेने भोंग्याचा ग्रामोफोन लावण्याचा मोह आवरावा. जड साउंडबॉक्स (सुई बसवलेली ध्वनिपेटी) आणि पोलादी सुई दर वेळी आवाज कोरलेले चर झिजवतात. डिजिटल प्रतीसाठी सुई धरणारा हलका दांडा (टोनआर्म) व सुमारे ०.०७५ मिलिमीटर टोकाची सुई घ्यावी, एलपीची (नंतरच्या ३३ गतीच्या प्लास्टिकच्या तबकडीची) ०.०२५ मिलिमीटरची सुई चराच्या तळाशी खरडत जाते. १९२५ पूर्वीच्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांच्या असतीलच असे नाही. ७२ ची तबकडी ७८ वर लावली तर हार्मोनियमवरच्या काळी एकचा सूर पांढरी दोनच्याही वर चढतो, आणि विद्यार्थी त्या गायकाची पट्टी चुकीची शिकतात. तेव्हा गती ठरवायला गाण्यातला जाणकार शेजारी बसवा. भारतातले पहिले मोठे ध्वनिमुद्रण १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला झाले. तबकड्या छापल्या जात जर्मनीत हॅनोव्हरला, तिथल्या तंत्रज्ञांना गायक कळावा म्हणून गायिका गौहर जान गाणे संपवून स्वतःचे नाव सांगत. अशा घोषणा आवाज ‘स्वच्छ’ करताना कापल्या जातात, हे थांबले पाहिजे.

कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाने जुन्या हिंदुस्थानी संगीताचा ध्वनिसंग्रह उभा केला आहे. बालगंधर्वांची पदे ज्या भाषेत छापली गेली, त्या भाषेतल्या विद्यापीठांनाही हे जमायला हवे. त्यासाठी दानपत्रातच खोली, जबाबदार व्यक्ती आणि पहिल्या दोन वर्षांचा खर्च लिहून घ्यावा. आणि फुटलेली तबकडी निघाली तर तुकडे सुटे, सपाट पुठ्ठ्यावर ठेवावेत. गोंदाने जोडू नयेत. चर जुळवून त्यांतूनही आवाज काढता येतो.

आपले,
ध्वनिमुद्रिका-जतनाचे काम करणारे काही कार्यकर्ते, पुणे